हिंगुळाचं काडतूस

आमच्या घरी एक काडतूस आहे. बारा बोरचं, खडकीच्या दारूगोळा कारखान्यातलं. त्याच्या बुडाची पितळी टोपी लाल रंगानं माखलेली आहे. तो रंग म्हणजे 1984 च्या पोळ्याला बैलांची शिंगं रंगवून उरलेला हिंगूळ. बोट बुडवून तो त्या टोपीवर फासला, तो हवालदारकाकांनी. त्यानंतर बाबांनी ते काडतूस कधी उडवलं नाही आणि मीही नाही. परवान्याच्या दर नूतनीकरणाच्या वेळी ते मोजलं जातं, नोंदीत येतं आणि परत पेटीत जातं.

आज मुकुटबन म्हटलं की लोकांना सिमेंटचा कारखाना आठवतो, चुनखडी आणि कोळशाच्या खाणी आठवतात. माझ्या लहानपणी मुकुटबन म्हणजे पऱ्हाटी, तूर, ज्वारी आणि या सगळ्यावर टपलेली रानडुकरं. आमचं वावर झरीच्या रस्त्याला, जंगलाला लागून. ज्वारी हुरड्यात आली की एका रात्रीत अर्धा एकर आडवी व्हायची. डुक्कर खातं थोडं आणि लोळून नासवतं फार. बाबा आणि सालगडी आळीपाळीनं जागलीला जात. माळ्यावर टिनाचा डबा, गोफण, एक विझत आलेला टेंभा. सकाळी बाबा घरी येत तेव्हा त्यांचे डोळे लाल असत. त्याच डोळ्यांनी ते पुन्हा औत जुंपत.

मग बंदुकीचा अर्ज झाला. 1959 च्या शस्त्र कायद्यात शेतकऱ्यासाठी वेगळी जागा आहे. खरोखर पिकाच्या राखणीसाठी हवी असेल तर ठासणीच्या बंदुकीचा परवाना द्यावा, आणि ठासणीची पुरेशी नाही असं अधिकाऱ्याला पटलं तर गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक देता येते, असं कलम 13 सांगतं. आमच्याकडं पिकं राखायची ती पावसाळ्यात आणि दवाच्या दिवसांत. ठासणीची दारू ओली होते आणि ऐन वेळी बार उडत नाही. बाबांनी अर्जात हेच लिहिलं. यवतमाळला किती हेलपाटे झाले ते त्यांनाच ठाऊक, पण 1979 साली एकनळी बारा बोर घरात आली. तिचा उपयोग बार काढून कळप पांगवण्यापुरता. वन विभागाच्या लेखी परवानगीशिवाय डुक्कर मारता येत नाही, आणि बाबांना मारायचंही नव्हतं. त्या बंदुकीनं आमच्या घरातल्या कुणी एक जनावर मारलेलं नाही.

बंदूक विकणाऱ्यानं बाबांना दोन मिनिटांत सगळं दाखवलं. हा खटका, हा घोडा, हा चाप. इथं काडतूस घाला, घोडा मागे ओढा, चाप दाबा. नांगराचा फाळ विकत घेतानाही माणूस याहून जास्त वेळ घासाघीस करतो. त्या काळी परवान्यासाठी कुठलं प्रशिक्षण लागत नव्हतं. निदान बाबांना कुणी विचारलं नाही.

हवालदारकाका महार रेजिमेंटमधून निवृत्त होऊन आले होते. सागरच्या केंद्रात रंगरूट म्हणून दाखल झाले, 1971 ची लढाई पाहिली आणि गावी परतल्यावर वणीला एका बँकेत बंदूकधारी रखवालदार म्हणून लागले. आठवडाभर वणीला आणि रविवारी एस.टी.नं घरी. गावच्या बौद्ध वस्तीत शेवटचं घर त्यांचं. अंगणात कडुनिंब आणि शेणानं सारवलेली स्वच्छ ओसरी. बाबा एका रविवारी स्वतःहून त्यांच्याकडं गेले आणि म्हणाले, "हवालदार, बंदूक तर आणली, पण धाकधूक होते." काका लगेच उठले नाहीत. बाबांना बसवलं, चहा पाजला आणि विचारलं, "भेव वाट्टे ना? चांगलं हाय. ते भेव जाऊ देऊ नोको."

तेव्हापासून दर दोन-तीन रविवारी ते आमच्याकडं येत. ओसरीवर पाय ठेवला की आधी बंदूक. पाणी नंतर, बोलणं नंतर, बसणंही नंतर. बंदूक हातात घेताना नळीचं तोंड छपराकडं, बोट चापाच्या कडीबाहेर सरळ ताणलेलं. खटका दाबून ते नळी खाली वाकवत, बंदूक मधोमध उघडत आणि कोठीत डोळा लावून नळीतून पलीकडचा उजेड बघत. मग तशीच उघडी बाबांच्या हाती देत. आता बाबांनी बघायचं. दोघांनी पाहिल्याशिवाय बंदूक रिकामी आहे असं ते मानत नसत. फौजेत शिकलेले धडे त्यांना हिंदीत पाठ होते. "भर", "खाली कर" हे शब्द ते मोठ्यानं म्हणत आणि मग आपल्या बोलीत सांगत, "बंदूक खाली हाय हे तोंडानं सांगाचं नसते. खोलून दाखवाचं."

मला बंदुकीला हात लावायला त्यांची बंदी होती. मी सात-आठ वर्षांचा होतो. माझ्या हाती त्यांनी वाळलेली तुऱ्हाटी दिली. "हे तुही बंदूक. ज्या दिवशी हिचं तोंड माणसाकडं गेलं, त्या दिवशी तुही बंदूक जप्त." पहिल्या दोन महिन्यांत माझ्या किती तुऱ्हाट्या जप्त झाल्या याचा हिशेब नाही. मी वळलो की तिचं टोक कधी आईकडं, कधी गोठ्यातल्या गाईकडं, कधी माझ्याच पायावर जाई. काका ती हातातून काढून घेत, चुलीपाशी टाकत आणि काही न बोलता निघून जात. पुढच्या रविवारी नवी.

तुऱ्हाटी घेऊन धुरा ओलांडायचा असेल तर आधी ती पलीकडं जमिनीवर ठेवायची, तोंड आपल्यापासून लांब, आणि मग आपण उतरायचं. तारेच्या कुंपणाला तेच. एकदा पावसाळ्यात मी धुऱ्यावरून घसरलो आणि तुऱ्हाटीचं टोक काळ्या मातीत रुतलं. मी ती पुसून पुढं निघालो तर काकांनी थांबवलं. ही खरी बंदूक असती तर नळीत चिखलाचं बूच बसलं असतं, आणि त्यावर बार काढला असता तर नळी फाटून तुझ्याच तोंडावर आली असती, असं त्यांनी सांगितलं. आमची काळी माती ओली झाली की कशी चिकटते हे ज्याला माहीत आहे त्याला हे वेगळं समजवावं लागत नाही. त्यानंतर बाबा पावसात घसरले की आधी बंदूक उघडून काडतूस काढत आणि नळीतून आभाळ बघत. आभाळ गोल दिसलं तरच पुढं.

आणखी एक धडा होता, तो बाबांसाठी. बारा बोरच्या बंदुकीच्या घरात वीस बोरचं काडतूस कधी येऊ द्यायचं नाही. ते बारीक असतं, नळीत पुढं सरकून अडकतं. बंदूक रिकामी दिसते. मग माणूस मागून बाराचं काडतूस घालतो आणि बार काढतो. पुढचं सांगायची गरज काकांना कधी पडली नाही.

1984 चा तान्हा पोळा. मोठ्या पोळ्याचा दुसरा दिवस, लेकरांचा सण. माझी बहीण पाच वर्षांची. लाकडी बैल सजवून, त्याच्या गळ्यात सुताची दोरी बांधून ती घरोघर बोजारा मागून आली होती. खोबरं आणि चार-आठ आणे ओट्यात घेऊन ओसरीवर बसली. बैल बांधायला खुंटा हवा. कोपऱ्यात भिंतीला बंदूक टेकवून ठेवलेली होती. बाबा पहाटे जागलीवरून आले, सणाच्या गडबडीत ती तिथंच टेकवली आणि विसरले. बहिणीनं बैलाची दोरी बंदुकीच्या दस्त्याला गुंडाळली, एक टोक चापाच्या कडीतून ओवलं आणि गाठ मारली. मग बैलापुढं चारा म्हणून पळसाची पानं ठेवली.

मी तिथंच होतो. बारा वर्षांचा. मी ते पाहिलं आणि मला त्यात काही वावगं वाटलं नाही. हे मी आज पहिल्यांदा लिहितो आहे.

काका अंगणातून आत येत होते. त्यांनी पाहिलं आणि ते धावले नाहीत, ओरडले नाहीत. हळू चालत बहिणीपाशी गेले, उकिडवे बसले आणि म्हणाले, "बाई, तुहा बैल मले विकतं का?" बहीण हसली. तेवढ्यात त्यांचा डावा हात नळीवर पोचला होता. बंदूक घट्ट धरून त्यांनी उजव्या हातानं गाठ सोडली, बैल तिच्या मांडीवर ठेवला, बंदूक उचलून छपराकडं केली आणि उघडली. कोठीतून काडतूस अर्धं बाहेर आलं.

जुन्या घोड्याच्या बंदुकीत घोडा उतरलेला असला तरी तो सुईवरच टेकलेला असू शकतो. बंदूक आडवी पडली, घोड्यावर आदळली, तर चाप न दाबताही बार उडतो. बैलाची दोरी एकदा ओढायचा अवकाश होता.

काकांनी ते काडतूस बाबांच्या तळहातावर ठेवलं. बाबांचा हात खाली जायला लागला, इतकं ते जड झालं होतं. काका काही बोलले नाहीत. ओसरीच्या कडेला हिंगुळाची वाटी पडली होती. त्यांनी बाबांच्या हातातलं काडतूस परत घेतलं, वाटीत बोट बुडवून त्याच्या टोपीला फासलं आणि वाळायला ठेवलं. "हे नोंदीत राहू द्या. उडवू नोका," एवढंच म्हणाले. त्यांना ते स्वतःकडं ठेवता आलं असतं, कुणाला कळलं नसतं. पण काडतूस परवानाधारकाचं असतं, आणि परवाना नसलेल्या माणसानं एकही जवळ बाळगायचं नसतं. कायदा त्यांच्या अंगात असा मुरलेला होता.

त्यानंतर आईनं चहा आणला. काकांसाठी तो कोपऱ्यातल्या कोनाड्यातल्या कपात आला, टवका उडालेल्या इनॅमलच्या कपात. तो कप त्यांच्यासाठी वेगळा ठेवलेला होता. आजीची शिस्त. त्या दिवशीही तोच कप निघाला. काकांनी चहा घेतला, कप विसळला आणि कोनाड्यात पालथा घातला.

त्यांच्या घरी मी शेकडो वेळा चहा प्यालो आहे. काकू फुलाफुलांची कपबशी काढत, पाहुण्यांसाठी ठेवलेली. आमच्या घरात तो कप आजी जाईपर्यंत, म्हणजे आणखी सहा वर्षं, तसाच राहिला. बाबा त्याबद्दल काही बोलले नाहीत. मी बोलू शकलो असतो, कॉलेजात जायला लागलो होतो. बोललो नाही. माझ्या बहिणीचा जीव ज्यानं वाचवला त्याला आम्ही हे दिलं. ऋण म्हणतात ते हे, आणि ते फिटलेलं नाही.

परवान्याच्या कामासाठी बंदूक न्यायची असली की काका बाबांना तयार करून देत. नळी वेगळी, लाकडी दस्ता वेगळा, सगळं खाकी कॅनव्हासच्या पिशवीत, वरून गोधडी. काडतुसं दुसऱ्या पिशवीत, आणि ती पिशवी माझ्याकडं नाही, बाबांकडंच. एस.टी.त लोकांना वाटे आम्ही भजनाचं सामान घेऊन चाललो आहोत. बाबांना एकदा वाटलं, परवाना आहे तर खांद्याला लावून का नाही न्यायची? काका म्हणाले, "लोकायले कायले भेव दाखवाचं?"

पुढं 2016 चे शस्त्र नियम आले तेव्हा मी ते मुळातून वाचले. सार्वजनिक ठिकाणी बंदूक न्यायची तर ती तिच्यासाठीच्या खोळीत, पूर्ण झाकलेली हवी आणि नेणाऱ्याचा तिच्यावर परिणामकारक ताबा हवा, असं त्यात लिहिलेलं आहे. वाचताना मला त्या गोधडीचा वास आला.

झाकून नेणं आणि लपवून बाळगणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे मला भाच्यामुळं नीट उमगलं. बैल बांधणाऱ्या त्याच बहिणीचा हा मुलगा, शिकायला ह्यूस्टनला आहे. टेक्सासमध्ये 1 सप्टेंबर 2021 पासून 21 वर्षं पूर्ण झालेल्या आणि कायद्यानं मनाई नसलेल्या माणसाला परवान्याशिवाय पिस्तूल जवळ ठेवून फिरता येतं. त्याआधी परवाना लागे, आणि परवान्यासाठी चार ते सहा तासांचा वर्ग, लेखी परीक्षा आणि नेमबाजीची चाचणी असे. परवाना आजही मिळतो, पण आता तो ज्याला हवा त्यानं घ्यायचा. आपल्याकडं खोळ असते ती बंदूक चटकन हाताशी येऊ नये म्हणून. तिकडं सदऱ्याखालचं पिस्तूल असतं ते चटकन हाताशी यावं म्हणून. कुणाला ते संरक्षण वाटतं, वाटू दे. पण शिकण्याची अट काढून टाकली याचं मला मनापासून वाईट वाटतं. सहा तास काही फार नव्हते. मला दोन महिने तुऱ्हाटी लागली होती.

एका रात्री भाच्याचा फोन आला. त्याच्या एका मित्रानं जेवायच्या टेबलावर पिस्तूल काढून ठेवलं आणि म्हणाला, रिकामं आहे, मॅगझिन काढली आहे. भाचा म्हणाला, "मामा, मी त्याला म्हटलं, खोलून दाखव." मित्रानं मागची सरक ओढली आणि कोठीत बसलेली एक गोळी टेबलावर पडली. मॅगझिन काढल्यावरही ती आत राहते हे त्या मुलाला माहीतच नव्हतं. फोन ठेवल्यावर मी बराच वेळ अंगणात उभा होतो. काका जाऊन तेव्हा चौदा वर्षं झाली होती.

बंदूक माझ्या नावावर आली ती बाबांच्या सत्तरीनंतर. परवानाधारक सत्तरीचा झाला किंवा पंचवीस वर्षं बंदूक बाळगून झाली की वारसाला परवाना मागता येतो. एव्हाना नियमांत सुरक्षेचं प्रशिक्षण आणि त्याचं प्रमाणपत्र आलं होतं. अभ्यासक्रम कागदावर चांगला आहे. हाताळणी, ने-आण, साठवण, बार काढण्याची पद्धत, काडतूस आणि बंदुकीचं नातं, कायद्याची ओळख. मला मिळालेलं प्रशिक्षण पाऊण तासात आटोपलं. माझ्या शेजारच्या तरुणानं रिकामी बंदूक हातात घेताच तिचं तोंड माझ्या पोटाकडं फिरवलं आणि कुणी त्याला हटकलं नाही. मी हटकलं. तो म्हणाला, "खाली आहे काका." त्यालाही माझ्याइतकंच प्रमाणपत्र मिळालं. त्या कागदावर सही करताना मला चुलीपाशी पडलेल्या तुऱ्हाट्या दिसत होत्या.

2018 साली पांढरकवडा-राळेगावच्या बाजूला वाघिणीची दहशत होती. तेरा माणसांचे बळी तिच्या नावावर सांगत. अवनी म्हणून जिला सगळा देश ओळखू लागला तीच. 2 नोव्हेंबरच्या रात्री बोराटीला तिला गोळी घातली गेली, आणि ती कशी घातली यावर पुढं चौकशा झाल्या. त्या महिन्यांत आमच्या तालुक्यातही माणसं अंधार पडायच्या आत वावरातून परतत. आमच्या बाजूचे शेतकरी एक-दोन वेळा आले, "भाऊ, रातच्याला बंदूक दे, सकाळी आणून देतो." त्यांची भीती खोटी नव्हती. पण परवाना माणसाचा असतो, आणि बिनपरवान्याच्या हाती बंदूक देणं हा गुन्हा आहे. मी म्हटलं, "बंदूक नाही देता येत. मी येतो." आणि पाच-सहा रात्री त्यांच्या माळ्यावर जाऊन बसलो. वाघ दिसला नाही. एका रात्री तुरीत खसखस झाली आणि शेजारी म्हणाला, मारा! मी टॉर्च लावली. काही दिसलं नाही. काडतूस काढून खिशात ठेवलं. आवाजावर बार काढायचा नाही, नेमाच्या मागं काय आहे ते दिसलं पाहिजे, हे काकांचं. त्या तुरीत काय होतं ते मला आजही माहीत नाही.

काका 2009 च्या उन्हाळ्यात गेले. शेवटच्या वर्षी त्यांना मोतीबिंदूनं नीट दिसत नव्हतं. तरी ओसरीवर आले की हात पुढं करत. बाबा बंदूक उघडून देत, काका करंगळीनं कोठी चाचपत. उजेड दिसत नव्हता म्हणून बोटानं बघायचं. मग "खाली हाय" म्हणत आणि पाणी मागत. तोवर पाणी आमच्याच पेल्यातून येऊ लागलं होतं. उशिरा. फार उशिरा.

ऑक्टोबर 2024. विधानसभेची आचारसंहिता लागली, मतदान 20 नोव्हेंबरला. बंदूक ठाण्यात जमा करायचा निरोप आला. कापसाची वेचणी ऐन भरात होती. बहीण दिवाळीला माहेरी आली होती, तीही सोबत चालत आली. मी खोळ टेबलावर ठेवली, नळी दस्त्याला जोडली आणि तोंड छताकडं करून बंदूक उघडली. समोर एक तरुण शिपाई रजिस्टर उघडत होता. मान वर न करता म्हणाला, "असू द्या काका, खाली असंल. ठेवा तिथं."

मी ठेवली नाही. उघडी बंदूक तशीच धरून उभा राहिलो. शाईच्या पेनचं टोपण काढताना त्याचं लक्ष गेलं. क्षणभर तो माझ्याकडं बघत राहिला, मग उठला, टेबलाला वळसा घालून आला आणि वाकून नळीतून पाहिलं. पलीकडं ठाण्याची खिडकी होती. "खाली आहे," तो म्हणाला.

मग काडतुसं मोजायला घेतली. आठ झाली आणि नववं त्यानं बोटांत फिरवलं. "हे लाल कशानं झालं?"

"हिंगूळ आहे," मी म्हणालो. "चालत नसेल आता. पण मोजा."

बहिणीनं ते त्याच्या हातातून बघायला मागितलं. त्यानं आधी माझ्याकडं पाहिलं. परवाना माझा. मी मान हलवून नाही म्हटलं. त्यानं पावतीवर लिहिलं, बंदूक एक, काडतुसं नऊ.

घरी परतताना बहिणीनं पुन्हा विचारलं. कारखान्याच्या भोंग्यापर्यंतचा रस्ता मी तिला सगळं सांगत गेलो. चाळीस वर्षांत तिला कुणी सांगितलंच नव्हतं. दोरी कुठून ओवली होती तेही सांगितलं, आणि मी तिथं होतो हेही. ती गप्प झाली. मग म्हणाली, "काकू आहेत ना अजून?" काकू आहेत, ऐंशी उलटलेल्या. आम्ही घराकडं न वळता तसेच वस्तीकडं गेलो. काकूंनी कपाटातून फुलाफुलांची कपबशी काढली.

"राहू द्या काकू," बहीण म्हणाली. "मी करते चहा."